गार्गारीता सरांची ट्रेडमिल

गार्गारीता सरांचा घात लक्षणेने केला. लक्षणा नावाच्या कुणा बाईने नव्हे, व्याकरणातल्या लक्षणेने. शब्दाचा वाच्यार्थ वेगळा आणि लक्ष्यार्थ वेगळा, हे फिलिपिन्समधल्या इलोइलोच्या सरकारी शाळेत इंग्रजी शिकवताना ज्या माणसाने घसा फोडून सांगितलं, त्याच्याच दारात एके दिवशी वाच्यार्थ ट्रकमधून येऊन उतरला. आणि उतरला तोही चार हमालांना न पेलणारा.

झालं असं, की सर निवृत्त झाले. शाळेने निरोप समारंभ केला. सरांनी भाषण करायचं ठरवलं आणि भाषणात एक झकास शब्द घालायचा, हेही ठरवलं. झकास शब्दाशिवाय सरांचं भाषण म्हणजे कातडीशिवाय भाजलेलं डुक्कर. शब्द निवडला 'ट्रेडमिल'. "इतकी वर्षं मी या ट्रेडमिलवर चाललो. आज मी तिच्यावरून उतरतो आहे," असं सर म्हणाले. यापुढे त्या शब्दाची व्युत्पत्ती, त्याचे निरनिराळे अर्थ आणि थोर लेखनातली उदाहरणं असा मजकूर त्यांनी तयार केला होता. पण नेमकं तेव्हाच अख्खं भाजलेलं डुक्कर टेबलावर आलं, मुख्याध्यापिकाबाईंनी टाळ्या सुरू केल्या, आणि शब्द स्पष्टीकरणाविना सभेत तसाच उघडा पडला. त्या एका वाक्याची चित्रफीत सरांच्या माजी विद्यार्थ्यांमध्ये जगभर फिरली. इलोइलोची मुलं म्हणजे निम्मी बोटीवर आणि निम्मी परदेशातल्या इस्पितळांत, त्यामुळे जगभर म्हणजे खरोखरच जगभर.

त्यानंतर काही आठवड्यांनी वसाहतीच्या फाटकाशी ट्रक येऊन थांबला. खोक्यावर लिहिलं होतं, 'आमच्या लाडक्या सरांना, विद्यार्थ्यांकडून'. आत ट्रेडमिल होती. पळायची. विजेवर चालणारी.

सर खोक्यासमोर बराच वेळ उभे राहिले. बत्तीस दात दाखवणारे हमाल, पहारेकरी, शेजारी, सगळे अभिनंदन करत होते. सरांच्या मनात मात्र एकच गोष्ट सलत होती. एकाही पोराला लक्षणा कळली नव्हती. इतक्या वर्षांच्या शिकवण्याचं हे फळ, आणि त्यावर एक वर्षाची हमी.

"घरात घे आधी, एल्पी," त्यांची बायको पुरिंग म्हणाली. "दुःख मग कर."

पण घरात घेणं इतकं सोपं नव्हतं. वसाहतीच्या संघाच्या अध्यक्षा होत्या मिसेस डेस्तूरा. नगरपालिकेच्या परवाना खात्यात त्यांचं आयुष्य गेलं होतं, आणि निवृत्तीनंतर परवान्यांवाचून त्यांचा जीव गुदमरत होता. त्यांनी ट्रकवाल्याची पावती चष्मा वर करून वाचली, चष्मा खाली करून वाचली, आणि फाटकाचा दांडा खाली पाडायला सांगितलं. वसाहतीच्या नियमांत स्पष्ट लिहिलं होतं, की रहिवासी भागात कोणत्याही प्रकारची मिल, म्हणजे गिरणी, चालवायला मनाई आहे. भाताची नाही, लाकडाची नाही, कसलीच नाही. आणि पावतीवर तर ढळढळीत 'मिल' लिहिलेलं होतं.

सर हसले. त्यांना वाटलं, हा शब्दाचा प्रश्न आहे, म्हणजे आपल्या प्रांतातला. समितीपुढे येऊन मी अर्थ समजावून सांगतो, असं ते म्हणाले. आयुष्यात माणूस काही वाक्यं अशी बोलून जातो, की नंतर ती आपण का बोललो याचा विचार करत त्याला भिंतीकडे तोंड करून झोपावं लागतं.

समिती बसेपर्यंत खोकं पहारेकऱ्याच्या चौकीपाशी राहिलं. पहारेकऱ्याने त्यावर आधी डबा ठेवला, मग पंखा, मग पाय. येणारेजाणारे थांबून सल्ला देऊ लागले. नांग कोरिंग, म्हणजे केळीच्या पानातला गोड चिकट भात विकणारी आणि साऱ्या वसाहतीची थोरली बहीण, तिने बजावलं की घाम आलेल्या अंगाला पाणी लावलं तर नसा आखडतात, म्हणून यंत्रावर चाललं त्या दिवशी आंघोळ करायची नाही. दुसऱ्या कुणी सांगितलं की यंत्राला पाद्रीबाबांकडून आशीर्वाद घेतल्याशिवाय हात लावू नका. तिसऱ्याने विचारलं, विकायची आहे का.

समितीच्या सभेला सर सूट घालून गेले. त्यांनी फळ्याची मागणी केली, ती नामंजूर झाली. मग त्यांनी तोंडी सुरुवात केली. कुठल्याही शब्दाचा अर्थ लावताना आधी मूळ अर्थाकडे जावं, असं म्हणून ते मूळ अर्थाकडे गेले, आणि तिथेच फसले.

"मिल आहे तर ती दळते काय?" सरांचे शेजारी चीफ साल्मोरिन यांनी मध्येच विचारलं. चीफ म्हणजे मालवाहू बोटींवरचे निवृत्त चीफ इंजिनियर. यंत्राचा विषय निघाला की त्यांना गप्प बसवत नसे.

"आता काही नाही. पूर्वी धान्य दळायची," सर प्रामाणिकपणे म्हणाले.

मिसेस डेस्तूरांनी समितीकडे पाहिलं. म्हणजे गिरणी असल्याचं अर्जदार स्वतःच कबूल करतो आहे, असं त्यांनी लिहून घ्यायला सांगितलं.

सर घाईने पुढे सरकले. हे यंत्र मुळात इंग्लंडच्या तुरुंगांत वापरायचे, कैद्यांना दिवसभर चाकाच्या पायऱ्या चढायला लावायचे, चढून चढून माणूस तिथेच, अशी ती शिक्षा होती, हे त्यांनी रंगवून सांगितलं. ऐकता ऐकता समितीचे चेहरे उतरले. तुरुंगाचं सामान वसाहतीत आलं तर घरांच्या किमतींचं काय होईल, अशी एका सभासदाने शंका काढली. सरांनी दुसरा अर्थ काढला. रोज तेच ते, उगवला दिवस की जुंपून घ्यायचं, घाण्याच्या बैलासारखं जिणं, त्यालाही लक्षणेने ट्रेडमिल म्हणतात. त्यावर मागच्या बाकावरून कुणीतरी विचारलं, की आता सुटलात ना सर, मग ते परत घरी कशाला आणताय?

सरांनी कोटाचं बटण काढलं. तिसऱ्या अर्थाला ते पोचणार एवढ्यात पुरिंग उभी राहिली.

"मॅडम, त्याच्यावर चाललं की पोट कमी होतं," ती म्हणाली आणि खाली बसली.

ठराव एकमताने मंजूर झाला. अट फक्त एकच घातली, की अर्जदाराने सदर यंत्रावर कोणतंही धान्य दळू नये.

यानंतर चीफनी सूत्रं हाती घेतली. सरांनी ती दिली नव्हती. खोकं दारातून जाईना, तेव्हा चीफनी खिडकीचे गज कापले. खिडकीतून यंत्र आत आलं, पण स्वयंपाकघर आणि जेवणाच्या खोलीमधल्या बोळात असं काही बसलं की ना पुढे ना मागे. दोन दिवस पुरिंग बाचोयचे, म्हणजे शेवयांच्या गरम सूपचे, वाडगे हातात धरून ट्रेडमिलवरून चालत जेवणाच्या टेबलापर्यंत यायची. यंत्र बंद असलं तरी त्याच्यावर पहिल्यांदा चालली ती पुरिंगच, ही नोंद इथे करून ठेवायला हवी. सरांना मात्र बंद यंत्रावरही पाय ठेवायचा धीर होत नव्हता, त्यामुळे त्यांना स्वयंपाकघरात जाता येत नव्हतं. पुरिंगने याबद्दल तक्रार केली नाही.

शेवटी यंत्राचे भाग सुटे करून ते गाडीच्या पडवीत न्यायचं ठरलं. सरांकडे गाडी नव्हती, पडवी होती. चीफनी एका दुपारी यंत्र उघडलं. जोडणीची पुस्तिका त्यांनी पाहिलीसुद्धा नाही. ज्यांनी प्रशांत महासागरात भर वादळात पंप उघडलेत त्यांना पुस्तिका कशाला लागते, असं ते म्हणाले. समुद्रावर लाट आली की वस्तू घरंगळते, म्हणून बोटीवर प्रत्येक वस्तू खिळवून ठेवतात. त्या सवयीने त्यांनी यंत्राचे पाय पडवीच्या सिमेंटमध्ये बोल्टने पक्के केले. वर सिमेंट ओतलं. बटणांचा भाग भिंतीकडे, शेपटाकडचा भाग रस्त्याकडे. सरांच्या घरातल्या फ्यूजचा भरवसा नव्हता म्हणून तार आपल्या घरातून आणली. आता इलोइलो वाहून गेलं तरी ही हलणार नाही, असं त्यांनी जाहीर केलं.

वाहून जाण्याचा प्रश्न आला नाही. प्रश्न आला तो दिशेचा.

उद्घाटनाला गल्ली जमली. सर नवे बूट घालून, भिंतीकडे तोंड करून, ताठ उभे राहिले. चीफनी बटण दाबलं. पायाखालचा पट्टा सरांना मागे न्यायच्या ऐवजी पुढे घेऊन निघाला. मागे सरकणारा पट्टा आणि त्यावर पुढे चालणारा माणूस, अशी त्या यंत्राची कल्पना असते. इथे माणूस आणि पट्टा दोघेही पुढेच. सर थेट बटणांच्या फळीवर जाऊन आदळले आणि तिला दोन्ही हातांनी मिठी मारून उभे राहिले. पाय अजून चालत होते. दूरच्या नातलगाला विमानतळावर कुणी इतक्या घट्ट भेटत नाही. चीफच्या घरात त्याच वेळी कुणीतरी कराओकेच्या यंत्रावर गाणं म्हणत होतं, ते गाणं मध्येच बंद पडलं, वीज गेली, आणि सर वाचले.

मोटारीच्या तारा उलट्या जोडल्या गेल्या होत्या. चीफनी हे कबूल केलं नाही. ते म्हणाले, बोटीलाही मागे जाता यायला हवं, मागे न जाणारी बोट बंदरात काय कामाची. पुन्हा उघडून सरळ करायची तर सिमेंट फोडावं लागणार होतं. आणि काहीच फोडायची गरज नाही, असं चीफचं म्हणणं पडलं. पट्ट्याची दिशा फिरत नसेल तर माणसाने फिरावं. सरांनी फक्त पाठ भिंतीकडे करायची आणि तोंड रस्त्याकडे.

सरांनी तसं केलं. आणि चालता आलं. अगदी छान चालता आलं.

दोनच अडचणी उरल्या. बटणं पाठीमागे गेल्यामुळे चालू, बंद, हळू, जोरात हे सगळं दुसऱ्या कुणालातरी करावं लागे. म्हणजे यंत्रावर एकट्याने चालायची सोयच उरली नाही. दुसरी अडचण सामाजिक होती. सर सकाळी पडवीत चालू लागले, की ते रस्त्याकडे येताना दिसत, पण पोचत नसत. माणसं त्यांच्यासाठी थांबून राहत. मासळी बाजारातून परतणाऱ्या बायका विचारत, "कुठे निघालात, सर?" आमच्याकडे कुणी भेटलं की हेच विचारायची रीत आहे, त्याला खरं उत्तर कुणाला नको असतं. पण सर भाषाशिक्षक. चुकीचं उत्तर देणं त्यांच्या जिभेला झेपेना आणि बरोबर उत्तर सापडेना. "कुठेच नाही," म्हटलं तर बायका घाबरून पुरिंगकडे बघत. "इथेच," म्हटलं तर हसत. शेवटी त्यांनी "येतोच," असं म्हणायला सुरुवात केली. ते ऐकून एक म्हातारेबुवा खरंच फाटकाशी वाट बघत बसले.

वाट बघता बघता माणसं पडवीत आली. आली तशी बसली. बसली तशी म्हणाली, आम्हीही जरा चालून बघतो. नांग कोरिंग टोपली बाजूला ठेवून चालू लागली. चीफ बटणं दाबायला आणि हुकूम सोडायला हजरच असत, "अर्धा वेग पुढे" वगैरे. मिसेस डेस्तूरा अटीचं पालन होतं की नाही ते तपासायला आल्या, यंत्र चालवल्याशिवाय तपासणी पुरी होत नाही असं म्हणाल्या, आणि मग रोज तपासणी करू लागल्या. त्यांच्या नातीच्या परदेशी नोकरीची मुलाखत होती. त्या चालत असताना सरांनी बाजूच्या खुर्चीवर बसून त्यांच्याकडून सगळी उत्तरं घोकून घेतली, घरी जाऊन नातीला शिकवायला. बंदरावर कामाला जाणारे येता येता एखादा शब्द विचारू लागले. कुणाला अर्ज लिहायचा असे, कुणाला साहेबाच्या निरोपाचा अर्थ हवा असे. सरांना घशाला खोकल्याची गोळी लागू लागली. पहाटे खुर्ची पुसून ठेवावी लागे. कोण कधी चालणार याचा क्रम लावावा लागे, कारण नांग कोरिंग आणि मिसेस डेस्तूरा एकाच वेळी आल्या तर बोलाचाली होत.

सरांनी पुरिंगकडे कुरकुर केली, की त्या पोरांनी भेट पाठवली पहिल्या अर्थाची का तिसऱ्या अर्थाची ते देव जाणे, पण वाट्याला आला तो दुसराच. पुरिंग म्हणाली, "हो का," आणि त्यांच्यापुढे कॉफी ठेवली. सरांनी दोन पाव खाल्ले. पूर्वी एक खात.

मग एक दिवस विद्यार्थ्यांचा निरोप आला, की रविवारी सगळे फोनवर एकत्र जमणार आहेत आणि सरांना ट्रेडमिलवर चालताना बघायचं आहे.

सरांच्या मनाने उचल खाल्ली. हीच संधी होती. उशिरा का होईना, ज्या दिवशी डुक्कर मध्ये आलं तो दिवस आता भरून काढायचा. पोरांचे आभार मानायचे, आणि मग शांतपणे, कुणाला न दुखवता, लक्षणा म्हणजे काय ते सांगायचं. त्यांनी पाठ करून ठेवलं. शनिवारी रात्री पुरिंगने त्यांना झोपेत "मूळ अर्थाकडे जाऊ या" म्हणताना ऐकलं.

रविवारी दुपारी गल्ली पुन्हा पडवीत आली. सर यंत्रावर, चीफ बटणांपाशी, फोन पुरिंगच्या हातात. फोनमध्ये छोट्या छोट्या चौकटी, प्रत्येक चौकटीत एकेक पोर. आता पोरं कसली, कुणाचं टक्कल, कुणाच्या मांडीवर नातवंड. कुणी बोटीवरच्या अरुंद खोलीत, कुणी इस्पितळाच्या गणवेशात. इंग्लंडात परिचारिका असलेली ग्लेंडा सगळ्यांच्या वतीने बोलत होती. ही ग्लेंडा वर्गात सगळ्यात मागे बसायची आणि लिहिण्यात तिचं एकही वाक्य सरळ नसे.

सर चालू लागले. फोनमधून टाळ्या आल्या. सरांनी श्वास सांभाळत सुरुवात केली. "मुलांनो, ट्रेडमिल या शब्दाला तीन अर्थ आहेत."

"हो सर," ग्लेंडा म्हणाली. "एक, तुरुंगातलं दळायचं चाक. दोन, लक्षणेने, रोजचं तेच ते रटाळ काम. तीन, हे तुम्ही चालताय ते. हायस्कूलच्या तिसऱ्या वर्षी हा शब्द तुम्ही विचारला होता. मी 'थ्रेडमिल' लिहिलं म्हणून मला शून्य दिलंत."

बाकीच्या चौकटी हसल्या. बोटीवरच्या मुलाने व्युत्पत्तीसुद्धा सांगितली, आणि ती बरोबर होती.

सरांची पावलं चुकली. चीफनी वेग कमी केला. "मग तुम्हाला भाषणातलं कळलं होतं?" सरांनी विचारलं.

"सर, सगळ्यांना कळलं होतं. आम्ही तुमचे विद्यार्थी आहोत."

"मग हे पाठवलंत कशाला?"

ग्लेंडाने खाली पाहिलं. "मॅमनी सांगितलं, सर," ती म्हणाली.

फोनमधलं चित्र एकाएकी हललं. पडवीचं छप्पर दिसलं, मग केळीचा घड, मग पुरिंगच्या सपाता. चीफनी यंत्र बंद केलं. सर पट्ट्यावरच उभे राहिले.

पुरिंगने फोन नांग कोरिंगच्या हातात दिला. ती जोरात बोलली नाही, पण पडवीत सगळ्यांना ऐकू गेलं.

"तू माझ्या स्वयंपाकघरातले डबे अक्षरांच्या क्रमाने लावलेस, ते मी सोसलं. मासळीवालीच्या व्याकरणावरून तिच्याशी भांडलास, तेही सोसलं. पण तू रोज सकाळी शाळेच्या वेळेला बूट घालून दाराजवळ बसत होतास, एल्पी. घंटा होईपर्यंत बसायचास, मग बूट काढायचास. ते मला बघवेना. मी ग्लेंडाला एवढंच म्हटलं, की याचे पाय कशात तरी गुंतवा. यंत्र तिने निवडलं. शब्दाची गंमत म्हणून."

बूट घालून बसतो हे फक्त आपल्यालाच माहीत आहे, असं सरांना वाटत होतं. मानी माणसाला मार बसला तर तो दाखवत नाही, पण माया दाखवली तर त्याची पंचाईत होते, कारण त्यासाठी चेहऱ्यावर काही तयार नसतं. त्यांनी खिशातून रुमाल काढून घाम पुसला. घाम तितका नव्हता.

मग ते फोनकडे वाकून म्हणाले, "ग्लेंडा, तुझं ते शून्य मी अजूनही बदलणार नाही. पण बाकी सगळं पास."

फोनमध्ये फार गोंगाट झाला. त्यातलं काही कळलं नाही, पण त्याचा अर्थ लावायची सरांनाही घाई नव्हती. चीफनी न सांगता बटण दाबलं आणि सर पुन्हा चालू लागले. पुरिंग खाणं वाढायला आत गेली, तेव्हा त्यांनी चालता चालताच हाक मारून तिला सांगितलं, की मिरपुडीचा डबा कुठे ठेवायचा ते तूच ठरव.

पुढच्या आठवड्यात दुकानातून एक मिस्त्री आला. हमीत पहिली तपासणी फुकट होती. तरुण, नेमका माणूस, पाठीवर हत्यारांची पिशवी. त्याने पडवीत येऊन पाहिलं. मिसेस डेस्तूरा यंत्रावर चालत होत्या, उलट्या तोंडाने. चीफ मागे उभे राहून वेगाचे हुकूम देत होते. नांग कोरिंग आपली पाळी येईपर्यंत भात वाटत होती, आणि सर खुर्चीवर बसून एका खलाशाचा अर्ज वाचत होते. मिस्त्री खाली वाकला, पट्ट्याकडे पाहिलं, सिमेंटकडे पाहिलं.

"सर, हा उलटा फिरतोय," तो म्हणाला.

"माहीत आहे," सर म्हणाले.

"सिमेंट फोडून सरळ करून देतो. पैसे पडणार नाहीत."

चीफनी घसा खाकरला आणि दुसरीकडे पाहिलं. सरांनी अर्ज खाली ठेवला. त्यांनी यंत्रापलीकडची भिंत पाहिली. भिंतीवर ओल होती आणि खिळ्याला एक जुना पंखा टांगलेला होता. मग त्यांनी रस्त्याकडे पाहिलं. कोपऱ्यावरून ते म्हातारेबुवा येत होते, मासळीवाली येत होती, आणि दोघांनीही लांबूनच मान वर करून पडवीकडे बघायला सुरुवात केली होती.

"नको," सर म्हणाले. "काही बिघडलेलं नाही. तुमचा नाष्टा झाला का?"

मिस्त्री म्हणाला, अजून नाही. नांग कोरिंगने केळीचं पान उघडून त्याच्या हातात दिलं, आणि मिसेस डेस्तूरांनी चालता चालताच त्याला बजावून ठेवलं, की चालायचं असेल तर त्याचा नंबर नांग कोरिंगच्या मागे.